काशीराजाची विषपरीक्षा

श्रोतेहो, काशीला दशाश्वमेध घाटावर पहाटे स्नानाला उतरणाऱ्या माणसाला एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. बांबूच्या मोठ्या छत्रीखाली लाकडी चौकीवर घाटिया बसलेला असतो. यजमान ओल्या अंगाने पायऱ्या चढून वर आला, की घाटिया त्याच्यापुढे आरसा करतो, केस विंचरावयास कंगवा देतो आणि मग उगाळलेल्या चंदनाच्या वाटीत बोट बुडवून कपाळी टिळा रेखतो. थोडे वरच्या अंगाला कडुनिंबाच्या कोवळ्या काड्यांच्या जुड्या मांडून दातवण विकणारे बसतात. कोणी मोहरीचे तेल अंगाला चोळून घेत असतो, कोणी उटणे लावीत असतो, कोणी साबणाच्या वड्या उघडीत असतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूंना मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे. तेथे अजूनही एखादी वृद्धा कुंकवाचा करंडा पदरात बांधून गंगेवर येताना दिसते.

दातवण, तेल, उटणे, कंगवा, चंदन, कुंकू. रोजच्या आंघोळीच्या या साध्यासुध्या सामानाची बरीचशी हीच यादी, जवळजवळ याच क्रमाने, एका फार जुन्या ग्रंथात आलेली आहे. आणि ती यादी तेथे कोणत्या प्रकरणात आली आहे हे ऐकले म्हणजे आपणांस थोडे आश्चर्य वाटेल. ती आली आहे विषाच्या प्रकरणात.

ग्रंथ आहे सुश्रुतसंहिता. आज उपलब्ध असलेल्या या संहितेच्या आरंभीच सांगितले आहे, की काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी हा आश्रमात असताना औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत इत्यादी शिष्य आणि त्यांच्याबरोबर सुश्रुत हे त्याच्याकडे विद्या मागावयास गेले. संहिता ही त्या गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेली आहे. सुश्रुताचे नाव निघाले म्हणजे आपल्याला नाक जोडण्याची शस्त्रक्रिया आठवते, मोतीबिंदू आठवतो, आणि अभिमानाने छाती फुगवून आपण पुढे जातो. कल्पस्थान नावाचा जो विषविद्येचा भाग आहे तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु मला काशीराजाच्या या शिकवणीतले सर्वांत चमत्कारिक प्रकरण तेच वाटते.

ते समजण्यासाठी प्रथम दुसरे एक प्रकरण पाहिले पाहिजे. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात निरोगी माणसाने रोज काय करावे हे सांगितले आहे. सकाळी उठून दातवण करावे. ती काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि ताजी असावी. जीभ खरवडावी. डोळ्यांत अंजन घालावे. डोक्याला तेल लावावे, फणीने केस विंचरावे. अंगाला तेल चोळावे, मग उटणे लावावे, स्नान करावे, चंदनादिकांचा लेप लावावा, स्वच्छ वस्त्र नेसावे, फुले माळावीत, पायांत पादत्राण घालावे. प्रत्येकाचा गुण सांगितला आहे आणि कोणी कोणती गोष्ट करू नये हेही सांगितले आहे. आपल्या आजीआजोबांच्या दिनचर्येचा मूळ कित्ता तो हाच, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कल्पस्थानाचा पहिला अध्याय उघडा. विषय आहे राजाच्या अन्नपानाचे रक्षण. शत्रू, रुष्ट झालेले नोकर, कधी घरचीच माणसे राजावर विषप्रयोग करतात. वैद्याने सावध राहावे. स्वयंपाकघर कसे असावे, विष देणाऱ्याची चर्या कशी ओळखावी, विषारी अन्न अग्नीत टाकले असता ज्वाला कशी होते, ते पाहून चकोर पक्ष्याच्या डोळ्यांत कोणता बदल होतो, हे सारे आधी येते. आणि मग आचार्य स्वयंपाकघरातून एकदम न्हाणीघरात शिरतात. चोविसाव्या अध्यायात जी जी वस्तू आरोग्यदायक म्हणून गौरविली, तीच एकेक करून संशयित म्हणून पुन्हा हजर केली जाते.

दातवणात विष असेल तर काडीचा कुंचला झडून जातो आणि जीभ, हिरड्या, ओठ यांना सूज येते. अंगाला लावावयाच्या तेलात विष असेल तर ते तेल बुळबुळीत, दाट किंवा रंग बदललेले दिसते. लावल्यावर फोड उठतात, वेदना होतात, स्राव वाहतो, कातडी पिकते, घाम आणि ताप येतो, मांस फाटते. उटणे, स्नानाचे पाणी, अंगाचा लेप, अंथरूण, वस्त्र, इतकेच नव्हे तर अंगातील चिलखत, यांच्यात विष असेल तर हीच लक्षणे जाणावीत. कंगव्यात विष असेल तर केस गळतात, डोके दुखते, रक्त येते, डोक्यावर गाठी उठतात. चेहऱ्याच्या लेपात असेल तर तोंड काळवंडते आणि कमळाच्या देठावर काटे असावेत तसे बारीक काट्यांसारखे पुरळ चेहऱ्यावर उठते. पादुकांत असेल तर पाय सुजतात, बधिर होतात, फोड येऊन स्रवू लागतात. अलंकारांची गोष्ट फार बारकाईने सांगितली आहे: त्यांची झळाळी जाते, आणि अंगाच्या ज्या ज्या जागी ते घालावयाचे नेमकी तीच जागा जळजळते, पिकते, चिरते.

श्रोतेहो, त्वचारोगाच्या आजच्या कोणत्याही तज्ज्ञाला ही वर्णने वाचून दाखवा आणि ग्रंथाचे नाव सांगू नका. तो म्हणेल, हे रोगी मी रोज पाहतो. ओठ सुजलेला रोगी टूथपेस्टमधील दालचिनी-पुदिन्याच्या वासाच्या द्रव्यांचा. केसांच्या रेषेत पुरळ आणि डोक्याला लस येणारा रोगी कलपाचा. कानाच्या पाळीला, मनगटाला, बेंबीखाली चट्टा असलेली बाई खोट्या दागिन्यांतील, घड्याळाच्या पट्ट्यावरील किंवा पँटच्या बटणातील निकेलची. पायाच्या पाठीवर चपलेच्या पट्ट्याचा हुबेहूब ठसा उमटलेला माणूस रबराचा, चामडे कमावण्याच्या क्षारांचा किंवा चिकटविण्याच्या खळीचा. रोगाची जागा पाहून वस्तूचा माग काढावयाचा ही आजच्या शास्त्राची पहिली पायरी होय. ती काशीराजाच्या शिष्यांना अवगत होती, यात मला शंका वाटत नाही.

मग हे सारे खरोखरीचे विषप्रयोगच असतील काय? राजवाड्यात विषारी कंगवे आणि विषारी पादुका इतक्या वारंवार निघत असतील, की त्यावरून वैद्यांना ठरीव लक्षणे बांधता यावीत, हे मला पटत नाही. माझी अटकळ अशी आहे, की वैद्यांपुढे तेलाने अंग उतलेले, लेपाने तोंड काळवंडलेले रोगी येत. वस्तू तर नेहमीचीच, घरातल्या इतरांनी वापरलेली. मग एकट्या ह्यालाच का बाधली? कोणीतरी हिच्यात काही कालविले असले पाहिजे, असे उत्तर राजदरबारी वातावरणात सुचणे स्वाभाविक होते. ही अटकळच आहे. तिला पुरावा नाही. पण त्यातील प्रश्न मात्र खरा आहे, आणि पुढची कित्येक शतके तो अनुत्तरित राहिला.

येथे उपचाराविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. तेलाच्या विषावर सुश्रुताचा पहिला इलाज थंड पाण्याने अंग धुण्याचा आहे. त्यानंतर चंदन, वाळा, गुळवेल इत्यादींचा थंड लेप. लावलेले द्रव्य आधी काढून टाका आणि मग दाह शांत करा, ही त्यातली शिस्त आजही मोडता येत नाही. चंदनाची पुढे आणखी गोष्ट निघेल.

हे प्रकरण केवळ राजांचे नव्हते, हे दाखविणारी एक वस्तू महाराष्ट्रात घरोघरी आहे. ती म्हणजे बिब्बा. दोन माणसांच्या मैत्रीत कोणी बिघाड केला की आपण म्हणतो, अमक्याने बिब्बा घातला. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजला त्याच्या अंगावर बिब्बा उतला असला पाहिजे! भल्लातक या नावाने तो चरकात आहे, सुश्रुतातही आहे. चरकाने त्याला अग्नीची उपमा दिली आहे, आणि विधीप्रमाणे घेतला तर तोच अमृतासारखा होतो असेही म्हटले आहे. आमच्याकडे बाळंतिणीच्या औषधात तो, पायात मोडलेल्या काट्यावर तो, आणि परटाच्या हाती कपड्यांवर खूण करावयाची शाईही तोच. एकाला बिब्बा नुसता हाताळल्यानेही चट्टे उठतात, दुसरा तो दिवसभर फोडीत बसला तरी त्याला काही होत नाही, हे आपल्या बायकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. ‘त्याला बिब्बा सोसत नाही’ एवढ्या चार शब्दांत त्यांनी ते सांगून टाकले होते.

दुसऱ्या महायुद्धात हेच चार शब्द अमेरिकन लष्कराला शिकावे लागले. ईशान्य भारतात आलेल्या त्यांच्या सैनिकांच्या मानेच्या मागे आणि कमरेशी फोडांचे चट्टे उठू लागले. बुरशी नव्हे, खरूज नव्हे. लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी १९४३ साली त्याचा उलगडा अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. चट्टा नेमका तेथे उठत होता जेथे शर्टाच्या गळपट्टीवर किंवा चड्डीच्या पट्टीवर धोब्याने बिब्ब्याची खूण केली होती. धुऊन, परीटघडी करून आलेला स्वच्छ कपडा हाच रोगाचे कारण! यात आणखी एक मौज आहे. अमेरिकेच्या रानात विषवल्ली नावाची एक वेल असते; तिच्या स्पर्शाने तिकडे पुष्कळांना फोड येतात. ती वेल आणि बिब्बा ही एकाच कुळातली, आंबा आणि काजू यांचीही सोयरी; तिच्या रसातील द्रव्य आणि बिब्ब्याच्या तेलातील द्रव्य ही रचनेने जवळची. ज्या तरुणांच्या कातडीने लहानपणी आपल्या गावच्या रानात त्या वेलीची ओळख करून घेतली होती, त्यांच्या कातडीने हजारो मैलांवर येऊन बिब्ब्याला ओळखले.

‘ओळखले’ हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरीत नाही. कातडी ओळखते आणि लक्षात ठेवते, हीच या विषयातील आधुनिक काळची सर्वांत मोठी गोष्ट आहे. तिचा आरंभ जर्मनीत झाला. ब्रेस्लाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथील योझेफ यादासोन या त्वचावैद्याने १८९५ साली एक साधा प्रयोग केला. पाऱ्याच्या मलमाने एका रोग्याच्या अंगावर इसब उठला होता. यादासोनने पाऱ्याची एक छोटी पट्टी त्या रोग्याच्या धडधाकट कातडीवर चिकटवून ठेवली आणि वाट पाहिली. पट्टीखाली, तेवढ्याच जागी, इसब उठला. इतर माणसांना ती पट्टी काही करीत नव्हती. दोष मलमात नव्हता. त्या मलमाचे आणि त्या एका माणसाचे जमत नव्हते.

सुश्रुत आणि यादासोन यांच्यामधला फरक येथे उघड होतो. काशीराजाची विषपरीक्षा अग्नीवर होई, चकोरावर होई, कारण जे विष आहे ते सर्वांनाच विष, हे तेथे गृहीत होते. यादासोनला साक्षीदार म्हणून चकोर चालला नसता. त्याला त्या माणसाचीच पाठ किंवा त्याचाच हात हवा होता. आपल्या वैद्यकात सात्म्य आणि असात्म्य ही कल्पना होतीच. एकाला मानवणारे दुसऱ्याला मानवत नाही हे त्यांनी आहाराच्या बाबतीत वारंवार सांगितले आहे. दूषीविष म्हणून आणखी एक विलक्षण कल्पना सुश्रुताने मांडली आहे: शरीरात मंद होऊन दडून बसलेले विष, जे देश, काळ, अन्न यांच्या निमित्ताने पुन्हा डोके वर काढते आणि अंगावर गांधी, मंडले उठविते. आजचे कित्येक वैद्य ॲलर्जीचे वर्णन करताना याच शब्दाचा आधार घेतात. मला तो मोह आवरावासा वाटतो. दूषीविषात दडून बसते ते विष. ॲलर्जीत दडून बसते ती शरीराची आठवण. या दोन गोष्टी शेजारच्या आहेत, एक नाहीत.

ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ मध्ये ग्रीक धातूंवरून घडविला. अर्थ, बदललेली प्रतिक्रिया. पुढे १९३५ मध्ये लँडस्टायनर आणि जेकब्स यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविले, की अगदी साधी, लहान रेणूंची रसायनेही कातडीला अशी प्रतिक्रिया शिकवू शकतात. हे द्रव्य कातडीतील प्रथिनाला जाऊन चिकटते; त्या जोडगोळीला शरीर परके समजते; कातडीतील पहारेकरी पेशी ती वार्ता जवळच्या लसिका-ग्रंथीपर्यंत नेतात आणि तेथे तिला ओळखणाऱ्या पेशींची एक तुकडी तयार होते. या शिक्षणाला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात, आणि या काळात अंगावर काहीच दिसत नाही. पुढे केव्हाही तेच द्रव्य पुन्हा लागले, की एक ते तीन दिवसांत तो भाग लाल होतो, खाजतो, फोड धरतो.

यावरून एका नेहमीच्या तक्रारीचे उत्तर मिळते. वैद्याने साबणाचे किंवा कलपाचे नाव घेतले, की रोगी उसळून म्हणतो, “अहो, हे तर मी वीस वर्षे वापरतो आहे!” हा बचाव त्या वस्तूला निर्दोष ठरवीत नाही. ही आठवण पहिल्या महिन्यात तयार होते तशी विसाव्या वर्षीही होऊ शकते. आणि एकदा झाली, की बहुधा जन्मभर टिकते.

साबणाचे नाव आलेच आहे, तर त्याच्यावरील अन्याय्य आरोप दूर केला पाहिजे. शिकेकाई, रिठा, मुलतानी माती आणि डाळीचे पीठ यांच्यावर भागविणाऱ्या या देशात विलायती साबण व्यापारी प्रमाणावर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८८ साली लिव्हर कंपनीच्या साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. मेरठला देशी कारखाना निघाला. पुढे मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण काढून सोवळ्या घरांचा दरवाजा उघडला. म्हैसूर संस्थानाने चंदनाचा साबण काढला. १९४१ मध्ये एका विलायती साबणाच्या जाहिरातीत आमच्या लीला चिटणीस झळकल्या, आणि सौंदर्यासाठी साबण ही कल्पना मध्यमवर्गात रुजली. साबण अल्कधर्मी असल्यामुळे तो कातडीचा तेलकट थर धुऊन नेतो. वारंवार धुणाऱ्या हातांना जो कोरडेपणा येतो, भेगा पडतात, तो बहुतेक वेळा नुसता चुरचुरीचा प्रकार असतो; तेथे आठवणीचा संबंध नसतो, आणि पुरेसा साबण, पुरेसा वेळ लावला तर तो कोणालाही होईल. ॲलर्जी होते ती बहुधा साबणात, मलमात, शांपूत मिसळलेल्या सुवासांची आणि वस्तू नासू नये म्हणून घातलेल्या परिरक्षक द्रव्यांची. यातले मिथिलआयसोथायाझोलिनोन नावाचे एक द्रव्य एकविसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात इतके फैलावले, की त्याच्या ॲलर्जीची साथच पसरली. अंगावर लावून तसेच ठेवावयाच्या प्रसाधनांत ते वापरण्यास तेथे २०१७ पासून मनाई झाली.

आणि जे निसर्गातून आले ते निरुपद्रवी, हाही एक भ्रमच आहे. चंदन, हळद यांचीही ॲलर्जी होणारी माणसे असतात; थोडी असतात, पण असतात. उलट शुद्ध मेंदी क्वचितच बाधते. पण ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकली जाते तिच्यात पॅराफिनिलीनडायअमीन हे कलपाचे रसायन मिसळलेले असते. हे द्रव्य ॲलर्जी उत्पन्न करण्यात अग्रगण्य आहे. त्या पुडीवर हिरवे पान छापलेले असते, एवढाच त्याचा निसर्गाशी संबंध.

आता मी कुंकवाकडे वळतो, कारण माझ्या मते या इतिहासातील खरे दुःख तेथे आहे.

आपल्याकडील पारंपरिक कुंकू हळदीचे. हळदीला अल्कधर्मी क्षाराची जोड मिळाली की ती लाल होते. चुना लागलेल्या हाताने हळदीला हात लावून पाहा. पंढरपूरचे कुंकू महाराष्ट्रात घरोघरी जाते ते विठोबाच्या नावामुळे आणि या रंगामुळे. काशीकडे भांगात सिंदूर भरण्याची चाल आहे. त्यातील जुने लाल रंग हिंगूळ आणि शेंदूर, म्हणजे पाऱ्याचे आणि शिशाचे. विसाव्या शतकात डांबरापासून काढलेले स्वस्त कृत्रिम रंग बाजारात आले आणि हळदीची जागा त्यांनी पुष्कळ ठिकाणी घेतली. त्यानंतर कपाळाच्या मध्यभागी खाज, पुरळ आणि मग काळा डाग घेऊन येणाऱ्या बायका त्वचारोगतज्ज्ञांना दिसू लागल्या. जपानात १९७० च्या सुमारास प्रसाधनांतील अशाच एका लाल रंगाने स्त्रियांचे चेहरे काळवंडले होते. तिकडच्या डॉक्टरांनी दोषी रंग हुडकून काढला. पुद्दुचेरीच्या नाथ आणि थाप्पा या डॉक्टरांनी २००७ मध्ये कुंकवाने त्वचादाह झालेल्या ४६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या लेपाने तोंड श्याव होते, हे सुश्रुताचे शब्द येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

कुंकू सांडते, घामाने ओघळते. म्हणून चिकटणाऱ्या टिकल्या आल्या. काळ्या डागाच्या ऐवजी आता पांढरा डाग पडू लागला. काशीहून फार दूर नसलेल्या अलाहाबाद येथील, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, बजाज, गुप्ता आणि चटर्जी या डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले. टिकलीच्या पाठीवरील खळीत पॅरा-टर्शरी-ब्युटिलफेनॉल नावाचे द्रव्य सुटे राहते, आणि ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींचाच नाश करते. येथे मात्र सुश्रुताचा ‘विष’ हा शब्द यादासोनच्या शब्दापेक्षा जवळचा ठरतो. कारण रंगपेशींच्या दृष्टीने ते द्रव्य अक्षरशः विष आहे.

त्या पांढऱ्या डागाचा अर्थ आपल्या समाजात काय होतो हे मी सांगावयास नको. कोड संसर्गाने होत नाही, त्याने शरीराचे कसलेही बळ कमी होत नाही. पण ज्या घरात मुलीच्या किंवा तिच्या आईच्या कपाळावर पांढरा ठिपका दिसला त्या घरातली सोयरीक मोडल्याची उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहेत. मग ती बाई काय करते? डाग झाकण्यासाठी आणखी मोठी टिकली लावते. आणि डाग वाढतो. टिकली काढून टाक म्हणावे, तर सवाष्णीने मोकळ्या कपाळाने हिंडावे काय, हा प्रश्न. वैद्यकातल्या फार थोड्या पथ्यांना इतकी जबर किंमत आहे. केळ्यावाचून राहा, दह्यावाचून राहा, असे सांगणे सोपे असते. कपाळ मोकळे ठेव, हे सांगताना डॉक्टरला त्या बाईच्या सासूशी, शेजारणीशी आणि हळदीकुंकवाला जमलेल्या साऱ्या आळीशी बोलावे लागते.

कायद्याने काही केले नाही असे नाही. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला. रंगासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास नियमांनी बंदी केली. कलपाच्या वेष्टनावर इशारा आणि आधी कानामागे थोडा लावून चोवीस तास थांबून पाहण्याची सूचना छापणे आवश्यक झाले. २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले. पण घाटाच्या पायऱ्यांवर रंगीत ढीग रचून सुटे विकले जाणारे कुंकू आणि रोळी, पत्र्याच्या डबीतला सिंदूर आणि दहा रुपयांचे टिकल्यांचे पाकीट यांच्यावर आत काय आहे हे बहुधा लिहिलेले नसते; आणि असले तरी ते वाचण्याची सवय आपल्याला कोणी लावली आहे?

माझ्या परिचयातील काशीच्या एका मराठी घरातल्या बाईंची हकीगत या संदर्भात आठवते. कपाळाला पुरळ आणि काळेपणा येऊन दोन वर्षे झाली होती. आधी दृष्ट काढून झाली, मग रक्त बिघडले म्हणून कडू काढे झाले. जाऊबाईंशी वितुष्ट होते; करंड्यात तिने काही कालविले असावे, असा संशयही घरात बोलून झाला होता. राजवाडा नसला तरी सुश्रुताचा अध्याय असा घरोघर चालू असतो! शेवटी त्यांचा मुलगा त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी घरात वापरातली सारी प्रसाधने आणावयास सांगितली. नातीचे हसू आवरेना, कारण आजीने पितळी करंडा, चंदनाचे खोड, केसांचे तेल, कलपाची पुडी, देवळातून आणलेली रोळी, सारे एका पिशवीत भरून नेले होते.

पाठीवर ओळीने छोट्या चकत्या चिकटविल्या गेल्या. प्रत्येकीखाली एकेक द्रव्य. दोन दिवस आंघोळ नाही, हे बाईंना सर्वांत जड गेले. गंगातीरी राहून दोन दिवस पारोसे राहावयाचे! तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. तेलाची जागा स्वच्छ होती, चंदनाची स्वच्छ, कलपाचीसुद्धा स्वच्छ. देवळाच्या रोळीखाली मात्र रुपयाएवढा लाल, उंचवटा आलेला गोल उठला होता. डॉक्टरांनी आरसा धरून तो त्यांना दाखविला. बाई पुष्कळ वेळ मागे वळून पाहत राहिल्या आणि मग मुलाला म्हणाल्या, “तुझ्या काकूला आज जेवायला बोलाव.”

करंड्यात त्या आता ओळखीच्या माणसाकडून घरी केलेले हळदीचे कुंकू ठेवतात. त्याचीही परीक्षा त्यांनी आधी केली. डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे हाताच्या कोपराच्या आत, रोज थोडे लावून, सात दिवस.